रोज चालवायची स्पोर्टी लक्झरी एसयूव्ही निवडताना: इंजिनाच्या आधी चाकं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आतापर्यंत तुम्ही बसकी, चपळ सेडान चालवलीत. आता घरात दोन लहान मुलं आहेत आणि आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या गाडीत तिला चढता-उतरता येत नाही. रोज ऑफिसला जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात आणि त्यातला बराचसा रस्ता मुंगीच्या पावलांनी सरकणारा आहे. महिन्यातून एखाद्या वेळी घाटातल्या वळणांवर मनसोक्त गाडी चालवायची हौस अजून आहे. यादीत पोर्शे मॅकन, बीएमडब्ल्यू एक्स३ (सहा सिलिंडरची), अल्फा रोमिओ स्टेल्व्हिओ आणि मर्सिडीज-एएमजी जीएलसी ४३ आहेत. यातली चालवायला सर्वांत मजेदार कोणती, आणि घ्यायचीच तर सर्वांत ताकदवान मॉडेल आणि २१ इंची चाकं घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. जुनी गाडी घ्यायचीही तुमची तयारी आहे.

मी बरीच वर्षं याच वर्गातल्या गाड्या दुरुस्त करतो आणि जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी ती तपासूनही देतो. म्हणजे शोरूममधून बाहेर पडणारी गाडी माझ्या वाट्याला क्वचितच येते. मी बघतो ती चार-पाच वर्षं रोज रस्त्यावर घासून निघालेली गाडी आणि तिच्यासोबत आलेला मालक. हे लोक माझ्याकडे ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यात "गाडी कमी पळते" ही तक्रार जवळजवळ नसतेच. मागे बसलेल्यांना गचके बसतात, मुलांना मळमळतं, टायर लवकर संपतात, सिग्नलवरून निघताना गाडी झटका देते, रिम वाकली, अशाच तक्रारी असतात. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा वेगळ्या बाजूने धरतो. यादीतल्या चारही गाड्या घाटात तुम्हाला खूश करतील. खरा प्रश्न हा की उरलेल्या सगळ्या दिवशी, ताशी ३० किलोमीटरच्या आत, यातली कुठली गाडी घरच्यांना आणि तुम्हाला त्रास न देता वागेल.

आधी उंच गाडी स्पोर्टी करताना काय करावं लागतं ते बघू, कारण बाकीचं बरंचसं त्यातून निघतं. वळणात गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. किती जाणार हे गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि दोन चाकांमधलं अंतर किती आहे यावर ठरतं. एसयूव्हीचा गुरुत्वमध्य सेडानपेक्षा उंच, म्हणून ती जास्त झुकू पाहते. हे झुकणं रोखायला कंपन्या स्प्रिंग कडक करतात आणि अँटी-रोल बार जाड लावतात. अँटी-रोल बार म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडणारी पोलादी दांडी. वळणात तिचा फायदा होतो. पण खराब रस्त्यावर एकच चाक खड्ड्यात गेलं की त्या दांडीमुळे दुसरी बाजूही खेचली जाते आणि गाडी आडवी हलते. त्यात माणसं बसतात उंचावर, त्यामुळे डोलकाठीच्या टोकावर बसल्यासारखी त्यांची डोकी डावी-उजवीकडे हेलकावतात. चालवणाऱ्याला, हातात स्टिअरिंग असल्यामुळे, हे फारसं जाणवत नाही. मागे बसलेल्या मुलांना आणि तुमच्या आईला जाणवतं, आणि मळमळ सुरू होते ती इथून.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे गरजेप्रमाणे कडक-सैल होणारा अँटी-रोल बार. ऑडीने २०१६ च्या एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टच्या विजेवर चालणारे असे बार दिले, आणि २०१७ च्या तिसऱ्या पिढीच्या पोर्शे केयेनमध्येही ते पर्याय म्हणून आले. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजू जवळपास मोकळ्या राहतात, वळणात घट्ट होतात. मात्र हे तंत्र मुख्यतः मोठ्या गाड्यांमध्ये मिळतं. तुमच्या यादीतल्या गाड्यांत ते नाही, त्यामुळे इथे तडजोड आलीच. ती जितकी सौम्य तितकं चांगलं. सौम्य करण्याचे दोन मार्ग तुमच्या हातात आहेत: इलेक्ट्रॉनिक डँपर, म्हणजे रस्त्याप्रमाणे कडक-सैल होणारे शॉक ॲब्सॉर्बर (अडॅप्टिव्ह सस्पेन्शन), आणि लहान चाकं.

डँपरबद्दल माझं मत ठाम आहे. या वर्गातली गाडी रोज चालवायची असेल तर अडॅप्टिव्ह डँपर हवेतच. जुनी घेत असाल तर त्या विशिष्ट गाडीत ते आहेत का, हे चासी नंबरवरून काढलेल्या यादीत बघा. एकाच नावाच्या दोन गाड्यांपैकी एकीत असतात, दुसरीत नसतात, आणि जाहिरातीतल्या फोटोवरून ते कळत नाही. एअर सस्पेन्शन मिळालं तर आराम आणखी वाढतो आणि आईसाठी गाडी थोडी खाली घेण्याची सोयही होते. पण त्यातले हवेचे फुगे रबराचे असतात आणि रबर म्हातारं होतं. सात-आठ वर्षांची गाडी घेत असाल तर ती रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी कुठला कोपरा खाली बसलाय ते बघा. कोपरा बसला असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही जास्त राबून थकलेला असण्याची शक्यता बरीच असते.

आता चाकं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक गाडीत लाखमोलाचं तंत्र निवडतात आणि शेवटी एका देखण्या रिमपायी ते वाया घालवतात. पेट्रोल मॅकनचंच उदाहरण घ्या. तिच्या १९ इंची चाकांवर पुढे २३५/५५ आणि मागे २५५/५० मापाचे टायर येतात. २१ इंचीवर पुढे २६५/४० आणि मागे २९५/३५. यातला दुसरा आकडा म्हणजे टायरच्या रुंदीच्या किती टक्के त्याची भिंत उंच आहे. हिशेब केला तर १९ इंचीत भिंत साधारण १२८ मिलिमीटर येते, २१ इंचीत १०५ च्या आसपास. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधली सव्वादोन सेंटिमीटर उशी तुम्ही स्वतःहून काढून टाकली. खड्ड्याची धार नेमकी तेवढ्यानेच रिमला लागते.

शिवाय मोठं चाक बहुधा जड असतं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे सस्पेन्शनला स्वतः पेलून वर-खाली नाचवावं लागणारं. ते वाढलं की डँपर कितीही हुशार असले तरी लहान, तीक्ष्ण खड्ड्यांना वेळेत उत्तर देऊ शकत नाहीत. रुंद टायर पाण्यावरून जाताना लवकर तरंगू पाहतो, रस्त्याचा आवाजही जास्त आत आणतो. आणि पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे टायर असले की ते पुढचे मागे असे फिरवून झीज सारखी करता येत नाही. मागची जोडी आधी संपते आणि ती एकटीच बदलावी लागते.

इथे फोर-व्हील ड्राइव्हचा एक मुद्दा बरेच जण दुर्लक्षित करतात. यातल्या बहुतेक गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये ताकद वाटणारा क्लच असतो. पुढच्या-मागच्या टायरच्या घेरातला फरक कंपनीने धरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाला, तर त्या क्लचला वाटतं चाकं सतत घसरतायत, आणि तो दिवसभर घासत राहतो. एक टायर फुटला म्हणून मिळेल त्या ब्रँडचा एकच नवा टायर टाकलेली गाडी काही महिन्यांनी ट्रान्सफर केसच्या, म्हणजे हा क्लच ज्यात असतो त्या डब्याच्या, दुरुस्तीला येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून टायर निदान जोडीने बदला आणि शक्यतो कंपनीने मान्य केलेलेच घ्या. टायरच्या भिंतीवर त्याची खूण असते: पोर्शेसाठी एन० किंवा एन१, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ. नाव तेच असलं तरी खुणेच्या टायरची आतली बांधणी त्या गाडीसाठी वेगळी केलेली असू शकते.

रन-फ्लॅट टायर असतील तर पंक्चर झाल्यावरही साधारण ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटरपर्यंत जाता येतं. अंधारात, मुलं सोबत असताना ही मोठी सोय आहे. पण त्याची भिंत कडक असते आणि ते रोजच्या गचक्यांत जाणवतं. तुम्ही रात्री-अपरात्री निर्मनुष्य रस्त्यांवर किती असता यावर याचं उत्तर अवलंबून आहे. बहुतेकांना मी साधे टायर आणि डिकीत एक छोटी स्टेपनी सुचवतो.

तेव्हा २१ इंचीबद्दल माझं उत्तर: घेऊ नका. १९ इंची मिळाली तर उत्तम, २० पर्यंत चालेल. घाटातली मजा त्याने कमी होईल अशी भीती वाटत असेल तर ती काढून टाका. खडबडीत रस्त्यावर लहान चाकाची गाडी रस्ता जास्त धरून राहते, आणि मजा टायर रस्त्याला टेकलेला असतानाच असते.

दुसरी तुमच्या रोजच्या जगण्यात येणारी गोष्ट म्हणजे गिअरबॉक्स. कासवगतीच्या रहदारीत तो कसा वागतो हे त्याच्या आतल्या रचनेवर ठरतं, आणि तुमच्या यादीत तीन वेगळ्या रचना आहेत. एक्स३ आणि स्टेल्व्हिओमध्ये झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर असलेला बॉक्स आहे. त्यात इंजिनाची ताकद निघतानाच्या क्षणी तेलातून पुढे जाते, त्यामुळे ब्रेकवरून पाय उचलला की गाडी मऊपणे सरकते आणि घासून झिजणारं तिथे फारसं काही नसतं. पेट्रोल मॅकनमध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच आहे, पोर्शे त्याला पीडीके म्हणते. वेगात त्याचे गिअर इतके चटकन पडतात की हेवा वाटावा. पण ताशी चार-पाच किलोमीटरने सरकताना तो क्लच अर्धवट धरून ठेवावा लागतो. क्लच तेलात बुडालेले असल्यामुळे उष्णता बरीच सहन करतात, तरी ती निर्माण होतेच. जीएलसी ४३ च्या बाबतीत नीट लक्ष द्या, कारण एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गाड्या आहेत. पहिल्या पिढीतल्या ४३ ला तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टॉर्क कन्व्हर्टरचा नऊ गिअरचा बॉक्स आणि एअर सस्पेन्शन होतं. नव्या पिढीतल्या ४३ ला दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, ज्याच्या टर्बोला विजेची मोटर मदत करते. बॉक्समध्ये कन्व्हर्टरच्या जागी तेलातला क्लच आहे आणि मागची चाकंही थोडी वळतात. कागदावर नवी जास्त ताकदवान आहे. रहदारीत माझी पसंती जुनीला आहे.

याचा अर्थ मॅकन घेऊ नये असा नाही. ती चालवण्याची सवय मात्र बदलावी लागते. पुढच्या गाडीला दोन-तीन गाड्यांएवढं अंतर जाऊ द्यायचं आणि मग एकदाच सुटून पुढे जायचं, इंच-इंच सरकत राहायचं नाही. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, ब्रेकवरच धरायची. एवढं पाळलं तर क्लच बराच काळ टिकतो. आणि गिअरबॉक्स कुठलाही असो, "यातलं तेल आयुष्यभराचं आहे" हे वाक्य कानाआड करा. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. रहदारीत चालणाऱ्या गाडीचं मी त्यातल्या लवकरच्या आकड्याला बदलतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. दोन लिटर चार सिलिंडरपासून वरचं कुठलंही इंजिन तुम्हाला रोज पुरून उरेल. सहा सिलिंडरचा फायदा ताकदीपेक्षा गुळगुळीतपणात आहे, आणि बीएमडब्ल्यूचं तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडर इंजिन या बाबतीत मला आजही अतिशय आवडतं. पण रोजच्या वापरात इंजिनाचं आयुष्य ठरतं ते प्रवास किती लांबीचा आहे यावर. इंजिन थंड ठेवणारं पाणी पाच-सात मिनिटांत गरम होतं, इंजिन ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. रोज छोट्या फेऱ्या झाल्या की न जळलेलं पेट्रोल आणि ओलावा ऑइलमध्ये साठत जातो. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, म्हणून तिथे काजळीही जमते. तुमची एका बाजूची फेरी वीस किलोमीटरची असल्यामुळे तुम्ही बरे आहात. तरी कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर ऑइल बदलत जा. गाडीवर करता येणाऱ्या सगळ्या खर्चांत हा सर्वांत शहाणपणाचा. डिझेलचा विचार असेल तर त्याच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धावायला मिळालं पाहिजे, नाहीतर तो तुंबतो. तुमच्या वापराला डिझेल मी सुचवणार नाही.

आता "सर्वांत ताकदवान मॉडेल". स्टेल्व्हिओच्या सर्वांत ताकदवान मॉडेलने, क्वाड्रिफोलिओने, २०१७ मध्ये जर्मनीतल्या न्युरबर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची फेरी ७ मिनिटं ५१.७ सेकंदांत मारली होती. २.९ लिटरचं व्ही६ (सहा सिलिंडरचं) इंजिन, ५१० अश्वशक्ती. अभिमानाने सांगावी अशी कामगिरी आहे आणि ती गाडी मला मनापासून आवडते. पण तो वेग मिळवण्यासाठी जे टायर, जी चाकं आणि जे ब्रेक लागतात, त्यांच्यासोबत रोज तुमच्या आईला जगायचंय. एक्स३ एम, म्हणजे एक्स३ चं सर्वांत ताकदवान रूप, तर माझ्या मते या आकारातल्या सर्वांत कडक गाड्यांपैकी एक आहे, आणि तिच्या आरामाच्या मोडमध्येही खराब रस्ता अंगावर येतो. या टोकाच्या गाड्यांचे ब्रेकही पदरमोड करायला लावतात. दोन टनांची गाडी ताशी १०० वरून थांबवताना ब्रेकांना सुमारे ७७० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. दीड टनी सेडानला ५८० च्या आसपास. त्या जास्तीच्या कामाची किंमत पॅड आणि डिस्क देतात, आणि युरोपीय गाड्यांत पॅडसोबत डिस्कही झिजते. कार्बन-सिरॅमिक ब्रेक रोजच्या गाडीला मुळीच घेऊ नका. थंड असताना ते कुरकुरतात आणि बदलायची वेळ आली तर घाम फोडतात. मधलं मॉडेल घ्या. या वर्गात सर्वांत खालचं आणि सर्वांत वरचं यांच्यामध्ये जे असतं, तेच बहुतेक वेळा अभियंत्यांनी सर्वांत नीट जुळवलेलं असतं.

मागच्या सीटचं बघू. २०१७ साली आलेल्या एक्स३ च्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,८६४ मिलिमीटर, मॅकनचं २,८०७. हा सुमारे पावणेसहा सेंटिमीटरचा फरक लहान मुलाची उलट्या तोंडाची सीट लावल्यावर फार मोठा होतो, कारण ती सीट पुढच्या माणसाला डॅशबोर्डकडे ढकलते. तुमच्या मुलांच्या सीट सोबत घेऊन जा आणि गाडीत प्रत्यक्ष बसवून बघा. विक्रेता कंटाळला तरी चालेल. मागचं दार किती अंशांत उघडतं, छत मागे उतरत गेल्यामुळे मूल आत ठेवताना त्याचं डोकं आपटतं का, दाराखालची पट्टी किती रुंद आहे, हे बघा. ती रुंद असेल तर आईला पाय लांब टाकावा लागेल आणि पावसाळ्यात तिच्या साडीला चिखल लागेल. सीटची उंची तिच्या कंबरेइतकी असली तर ती नुसती मागे टेकून, वळून आत बसू शकते. गुडघ्यांसाठी हेच सर्वांत सोपं. मोठ्या बाजूंची स्पोर्ट सीट असेल तर तिची कड बसता-उतरताना मांडीत घुसते, आणि जुन्या गाडीत नेमकी तीच कड फाटलेली दिसते.

मग चारांत कुठली? तुमच्या वर्णनावरून माझी पहिली पसंती सहा सिलिंडरची एक्स३, अडॅप्टिव्ह डँपर आणि १९ किंवा २० इंची साध्या टायरवर. ती चारांत सर्वांत रोमांचक नाही. स्टिअरिंगमधून रस्ता तितका बोलत नाही. पण रहदारी, मागची जागा, गिअरबॉक्स आणि घाट या चारही ठिकाणी ती निराश करत नाही.

मॅकन चालवताना उंच गाडीत बसल्याचा विसर पडतो, आणि स्टिअरिंग, ब्रेक, बसण्याची जागा यांचं जुळणं या यादीत तिच्याइतकं कुणाचंच नाही. मुलं मोठी असती किंवा गाडीत बहुतेक वेळा दोघंच असता, तर मी डोळे मिटून तीच सांगितली असती. २०२४ मध्ये सायबर सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे युरोपीय संघात पेट्रोल मॅकनची विक्री थांबली, त्यामुळे जुनीच शोधावी लागण्याची शक्यता धरून चाला. स्टेल्व्हिओचं दोन लिटर पेट्रोल मॉडेल ज्याला स्टिअरिंग सर्वांत प्रिय आहे त्याने घ्यावं. तिच्या स्टिअरिंगचं गुणोत्तर १२:१ आहे, म्हणजे मनगट वळवलं की नाक वळतं. ती वजनानेही हलकी आहे. पण ब्रेक पेडल आणि चाकं यांच्यात विजेच्या इशाऱ्यावर चालणारी यंत्रणा असल्यामुळे अगदी हळू थांबताना पेडल कसं वाटतं ते नीट तपासा, आणि जवळ तिचं काम येणारा मेकॅनिक आहे का ते आधी शोधा. तो नसेल तर यादीतून काढा. जुन्या पिढीची जीएलसी ४३ चांगल्या अवस्थेत मिळाली तर आराम आणि जोर यांचा मेळ तिच्यात छान आहे. एक्स३ नंतर माझा दुसरा क्रमांक तिचा.

जुनी घेताना एक हिशेब मनात पक्का ठेवा: गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी तिचे डँपर आणि डिस्क नव्या गाडीच्याच भावाने येतात. म्हणून तपासणीला कंजुषी नको. मी काय बघतो ते सांगतो. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला लावतो. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी येतो. चारही टायरची खोली मोजतो, आतली कडही, कारण अलाइनमेंट बिघडली की टायर आतून झिजतो आणि बाहेरून छान दिसतो. गाडी लिफ्टवर घेऊन रिमची आतली कड हाताने चाचपतो. वाकलेली रिम बाहेरून बहुतेक वेळा दिसत नाही. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवतो. गाडी अडखळत, थरथरत वळली तर टायर आणि ट्रान्सफर केस संशयाच्या घेऱ्यात. पॅनोरामिक छत असेल तर पुढच्या गालिच्याखाली हात घालून ओल बघतो, कारण छताच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथे उतरतं आणि खालच्या वायरिंगला लागतं.

टेस्ट ड्राइव्हला विक्रेता तुम्हाला मोकळ्या, गुळगुळीत रस्त्याकडे नेईल. तुम्ही तुमच्या ओळखीच्या सर्वांत वाईट रस्त्याकडे न्या. आधी आईला पुढे आणि तुम्ही मागे, दुसऱ्या कुणाला चालवायला देऊन. मागे बसल्याशिवाय या वर्गातली गाडी कळतच नाही. एक चाक खड्ड्यात घाला, गतिरोधक तिरका घ्या, आणि मान किती हलते ते बघा. मग स्वतः चालवा: दहा मिनिटं रहदारीत सरकत, एकदा तुमच्या पार्किंगमध्ये आत-बाहेर करून. मोडच्या मेन्यूत स्वतःचा मोड बनवता येतो का ते बघा, ज्यात स्टिअरिंग स्पोर्ट, डँपर कम्फर्ट आणि इंजिन मधलं ठेवता येईल. गाडी बंद करून परत सुरू केल्यावर तो मोड एका बटणावर येतो की रोज स्क्रीनमध्ये शिरून शोधावा लागतो, हेही. एसीचं तापमान रस्त्यावरची नजर न काढता बदलता येतं का, हे रोज आठवण होईल असं आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि तिच्यावर उत्तर बदलू शकतं: तुमच्या पार्किंगच्या जागेवर चार्जर बसवता येईल का? येत असेल आणि बजेट ताणता येत असेल, तर २०२४ ची इलेक्ट्रिक मॅकन चालवून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. सरकत्या रहदारीत ना क्लच, ना गिअर, ना तापणारं तेल. ८०० व्होल्टच्या यंत्रणेमुळे ताकदवान चार्जर मिळाल्यास १० वरून ८० टक्क्यांपर्यंत जायला सुमारे २१ मिनिटं लागतात. मागची चाकं वळणारा पर्याय घेतला तर अरुंद जागेतही ती सोपी जाते. वजन मात्र २.३ टनांच्या आसपास आहे, त्यामुळे टायर आणि चाकांबद्दल वर जे सांगितलं ते तिथे दुप्पट जोराने लागू होतं. जागेची अडचण असेल, सोसायटीची परवानगी मिळत नसेल किंवा सार्वजनिक चार्जरवरच अवलंबून राहावं लागणार असेल, तर ही वाट सोडून द्या आणि एक्स३ बघायला जा. गाडी नक्की झाली की तिचा चासी नंबर आणि टायरच्या भिंतीवरचे फोटो कळवा, त्यावरून पुढचं बरंचसं सांगता येईल.